दुपारी दोनची सावली

"काका, वर नंतर बघा. आधी हे बघा," वंदना म्हणाली.

तिच्या हातात लहान मुलांच्या खिरीचा एक खोका होता. खोक्यावर गुबगुबीत बाळाचा हसरा फोटो, आणि बाळाच्या बरोबर कपाळावर कबुतराची विष्ठा. मला हसू आलं. वंदनाला अजिबात आलं नाही.

"आज बुधवार. पुढच्या गुरुवारी ऑडिट आहे," ती म्हणाली. "मागच्या वेळी रॅकवर कबुतराचं एक पीस सापडलं होतं. एकच. तेवढ्यावर लेखी वॉर्निंग आली. आता हे दिसलं तर कंपनी माल दुसऱ्या गोडाऊनला नेणार."

वंदना भोईर त्या गोडाऊनची मॅनेजर. पूर्णा गावची सून. गोडाऊन उभं आहे त्या जमिनीचा एक तुकडा तिच्या सासऱ्यांचा होता, तिथे ते वाल लावायचे. ती आधी बिलिंगच्या टेबलावर लागली आणि चढत चढत मॅनेजरच्या खुर्चीत आली. मागच्या बाजूला पॅकिंग सेक्शन आहे, तिथे आसपासच्या गावांतल्या चाळीस बायका काम करतात. त्यातल्या निम्म्या वंदनाने स्वतः घरोघरी जाऊन आणलेल्या. माल गेला की पॅकिंग गेलं.

"माझी खुर्ची गेली तर गेली," ती म्हणाली. "पण या बायकांना काय तोंडाने सांगू?"

मी म्हटलं, "बघतो."

माझा धंदा पक्षी आवरण्याचा. गोडाऊन, हॉस्पिटल, सोसायट्या यांच्यात कबुतरं शिरू नयेत म्हणून जाळ्या बसवतो, फटी बंद करतो. लग्नाच्या बाजारात हे सांगायची सोय नव्हती, म्हणून तेव्हा 'मेंटेनन्स' सांगितलं होतं. मी मूळ भिवंडीजवळच्या कोन गावचा, पण उमेदीची चौदा वर्षं आखातातल्या एका वाळवंटी शहरात काढली. उंच इमारतींवरची कबुतरं हेच तिथेही माझं काम.

वाळवंटात कबुतरं कुठली, असं लोक विचारतात. आहेत की, भरपूर आहेत. कबुतराचे पूर्वज डोंगराच्या कपारीत राहायचे. त्याच्या लेखी इमारत म्हणजे कडाच. फक्त वाळवंटात ते जागा निवडताना फार चोखंदळ होतं. पहिली गोष्ट सावली. सकाळची सावली कोणीही देतं, दुपारी दोन वाजता जिथे सावली असते ती जागा खरी. दुसरी गोष्ट पाणी. तिथे तळं, ओढा काही नाही, पण एसीच्या बाहेरच्या डब्यातून पाणी ठिबकत असतं. त्याच्या आसपास घरटं हमखास सापडतं. तिसरी गोष्ट बसायला हातभर सपाट जागा आणि पाठीला भिंत. काड्या मिळत नाहीत म्हणून वायरचे तुकडे आणून रचलेली घरटीही मी पाहिली आहेत.

जागा नर शोधतो. तिथे बसून घुमतो आणि मादीला बोलावतो. तिला पटली तर संसार मांडायचा, नाही पटली तर स्वारी दुसरी जागा बघायला निघते. आम्ही कल्याण रोडला फ्लॅट घेतला तेव्हा आमच्याकडेही असंच चार महिने चाललं होतं.

मे महिन्यात भिवंडीच्या गोडाऊनमध्ये पत्र्याखाली उभं राहिलं की मला ते शहर आठवतं. तीच भट्टी. त्यामुळे इथली कबुतरंही मी तिथल्याच नियमांनी शोधतो, आणि एरवी सापडतात.

माझ्याबरोबर सलीमभाई असतात. साठीचे आहेत. आझमगडहून आले, तीस वर्षं पॉवरलूमवर काम केलं, लूम विकली गेल्यावर माझ्याकडे आले. धाग्याची गाठ मारणारा माणूस जाळीची गाठ अशी मारतो की बघत राहावं. ते मला शेठ म्हणतात. मी नको म्हणून सांगून थकलो.

गोडाऊनच्या छताखाली लोखंडाचे शेकडो आडवे बीम. आम्ही माणसाला छतापर्यंत उचलणाऱ्या फिरत्या लिफ्टमधून सगळे तपासले आणि चक्रावलो. एकाही बीमवर कबुतर नाही. सगळी विष्ठा एकाच कोपऱ्यात, पॅकिंग सेक्शनच्या वरती. त्या कोपऱ्यात भिंतीला पट्ट्यापट्ट्यांची एक हवेची खिडकी आहे, तिची एक पट्टी मोडली होती. खिडकीखाली लोखंडी माळा, तिथे जुनी रजिस्टरं पडलेली. आणि माळ्याला लागून मोठ्या कूलरचा पाइप. पाइपातून पाणी थेंब थेंब गळत होतं.

मी टाळीच वाजवली. सावली आहे, पाणी आहे, बसायला पाइप आहे. अगदी पुस्तकात लिहावी अशी जागा.

"गळती बंद करा, पाइपाभोवती जाळी लावा," मी ऐटीत सांगितलं. "शुक्रवारपर्यंत आपोआप जातील."

खिडकीची पट्टी मी मुद्दाम बंद केली नाही. आत कोणी असेल तर अडकून मरतं, म्हणून आधी पाहुणे घालवायचे आणि मग दार लावायचं, असा आमच्यात नियम आहे.

शुक्रवारी सकाळी वंदनाचा फोन आला. "काका, पाहुणे गेले नाहीत."

गेलो. जोडपं जाळीच्या वर ऐसपैस बसलं होतं. आम्ही त्यांना झोका बांधून दिल्यासारखं झालं होतं. खाली आणखी दोन खोके खराब. बायका काम करता करता वर बघून हसत होत्या. त्यांना पुढच्या गुरुवारचं अजून काही माहीत नव्हतं. वंदना मात्र हसली नाही, आणि मला माझीच लाज वाटली.

सलीमभाई बराच वेळ वर बघत राहिले. "शेठ, ये पानी के लिए नहीं आए," ते म्हणाले. "पानी तो बंद है. ये घर आए हैं."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की आपण माळ्यावर चढलोच नाही. लिफ्टमधून पाइप दिसला आणि पुढे बघायची गरजच वाटली नाही. चौदा वर्षांच्या अनुभवाचा हा एक तोटा असतो. उत्तर आधी येतं, बघणं राहून जातं.

शिडी लावून वर गेलो. रजिस्टरांच्या गठ्ठ्यामागे एक प्लास्टिकचा क्रेट होता आणि क्रेटच्या मागे, भिंतीला पाठ लावून, घरटं. आत दोन पिल्लं. पिवळी लव, चोच चेहऱ्यापेक्षा मोठी, दिसायला इतकी कुरूप की कोणालाही माया यावी. दहा-बारा दिवसांची असतील. म्हणजे उडायला अजून किमान तीन आठवडे.

पण मी बघत राहिलो ते घरट्याकडे. सगळं घरटं सारख्या लांबीच्या बारीक काड्यांचं. एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला जळकी. मी एक काडी काढून वास घेतला.

"सलीमभाई, अगरबत्ती."

क्रेटमध्ये वाकून पाहिलं तर सुकलेली झेंडूची फुलं, हार, दुर्वा, मूठभर अक्षता, खोबऱ्याचे तुकडे, आणि विझलेल्या अगरबत्तीच्या काड्यांचा ढीग. निर्माल्य. कबुतराला घर बांधायला काडी आणि खायला दाणा, दोन्ही तिथल्या तिथे. वाळवंटातल्या कबुतराने एवढं ऐश्वर्य स्वप्नातही पाहिलं नसतं.

पॅकिंग सेक्शनच्या खांबावर वज्रेश्वरी देवीचा फोटो आहे. रोज शिफ्ट सुरू होताना तिथे अगरबत्ती लागते. ते काम भागीरथी मावशीचं. मावशी वज्रेश्वरी गावाकडची, लाइनवरची सगळ्यांत जुनी बाई. मी खाली येऊन तिला विचारलं, "मावशी, हा क्रेट तू वर ठेवलास?"

"हां, मीच ठेवला," मावशी म्हणाली. "निर्माल्य हाय त्यो. कचऱ्याच्या डब्यान कसा टाकाचा? म्हयन्याला गावाला जाताना नदीन सोडतंय."

"पण एवढ्या वर कशाला?"

"आधी खांबाजवल खालीच ठेवाचो. मंग मॅडमनी त्यो बोर्ड लावला ना."

मी मागे वळून पाहिलं. भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी होती: फ्लोअरवर काहीही नको. मागच्या ऑडिटमध्ये पीस सापडल्यावर वंदनाने स्वतः लावलेली.

म्हणजे झालं होतं असं. मागच्या वेळी एक चुकार कबुतर आत येऊन पीस टाकून गेलं. त्यावर उपाय म्हणून जमीन चकाचक करायचं ठरलं. मावशीने हुकूम पाळला आणि निर्माल्य जमिनीवरून उचलून माळ्यावर नेलं, मोडक्या खिडकीच्या तोंडाशी. चुकार कबुतराचा कायमचा रहिवासी झाला तो त्या उपायामुळे.

वंदनाने कपाळाला हात लावला. मग तिला हसू फुटलं, आणि बुधवारपासून पहिल्यांदाच ती मनापासून हसली. "म्हणजे मीच आमंत्रण दिलं."

"मावशी, झाकण तरी लावायचंस," मी म्हटलं.

"देवीवरशी उतरलेली फुलां ती. झाकणान कोंडाची? मना न्हाय जमाचा."

मला वाटलं सलीमभाई आता काहीतरी बोलतील आणि वाद वाढेल. ते बोलले, पण मावशीच्या बाजूने. "सही बात है, शेठ. हमारे यहाँ भी रोटी का टुकड़ा नीचे गिरा दिखे तो उठाके दीवार पे रख देते हैं. पैर में नहीं आना चाहिए." मावशीने त्यांच्याकडे पाहून मान हलवली. त्या दिवसापासून दोघं एका पार्टीत.

निर्माल्याचा प्रश्न अर्ध्या तासात सुटला. मागच्या आवारात चाफ्याचं झाड आहे. तिथे एक नवा ड्रम ठेवायचा, तोंडाला बारीक जाळी बांधायची, म्हणजे फुलं कोंडणार नाहीत आणि पक्ष्यालाही मिळणार नाहीत. भरला की त्याचं खत चाफ्यालाच घालायचं. मावशीने जाळीवर हात फिरवून हवा येते की नाही ते पाहिलं आणि परवानगी दिली.

पिल्लांचा प्रश्न मात्र राहिला. घरटं आत असेपर्यंत आईबाप येणार, आणि खिडकी बंद करता येणार नाही.

"उचलून बाहेर ठेवा ना," वंदना म्हणाली.

"ठेवता येतं. पण आईबाप तिथे आले नाहीत तर?"

मी असा एकदा तोंडावर आपटलो होतो. त्या वाळवंटी शहरात एका बाल्कनीतलं घरटं उचलून मी शेजारच्या कठड्यावर ठेवलं. उत्तरेकडची सुरेख जागा, सकाळी गार सावली. पण आईबाप तिकडे फिरकले नाहीत. दुपारी दोनला जाऊन पाहिलं तेव्हा कारण समजलं. समोरच्या इमारतीच्या काचेवरून ऊन उलटून बरोबर त्या कठड्यावर पडत होतं. कबुतरांना ते माहीत होतं, मला नव्हतं. पिल्लं मी खोलीवर नेली आणि भिजवलेले हरभरे भरवून वाढवली. खोलीत आम्ही सहा जण होतो. बाकीचे पाच महिनाभर माझ्याशी धड बोलत नव्हते. पिल्लं उडाली तेव्हा मात्र सगळे गच्चीवर आले होते.

ही गोष्ट एव्हाना पॅकिंगच्या चाळीस जणींना ऐकू गेली होती. वंदनाने त्यांना ऑडिटचंही सांगून टाकलं. मला वाटलं आता कोणीतरी म्हणेल, द्या फेकून ती पिल्लं, आमच्या पोटाचा प्रश्न आहे.  पण मावशीच म्हणाली, "काम पन रावला पायजे नि पिल्लां पन. कसा करतंस त्या तू बग. शिकलेला हास ना?"

शनिवारी दुपारी बरोबर दोन वाजता मी आणि सलीमभाई मागच्या भिंतीशी उभे राहिलो. आमची परीक्षा साधी असते. जागेवर तळहात टेकवायचा आणि दहा मोजायचे. हात उचलावा लागला तर जागा नापास.

खिडकीच्या बाहेरच सिमेंटचा छज्जा होता. लांबून गार दिसत होता. सलीमभाईंनी हात टेकवला आणि चार मोजताच उचलला. समोरच्या गोडाऊनचा नवा पांढरा पत्रा ऊन इकडे फेकत होता. जनरेटरच्या शेडमध्ये मी दोन मोजताच हात काढला. मग आग विझवण्याच्या पाण्याची टाकी. ती छज्ज्याच्या पलीकडे, खिडकीपासून दहा-बारा पावलांवर. टाकीच्या लोखंडी पायांवर एक आडवा बीम होता, वर टाकीचं पोट, मागे भिंत. सलीमभाई शिडीवर चढले, हात टेकवला आणि मोजायला लागले. दहा झाले, वीस झाले. त्यांनी हात तसाच ठेवला.

"उतरा की," मी म्हटलं.

"रुको शेठ. ठंडा लग रहा है."

जागा पास झाली. माल चढतो-उतरतो ते डॉक इमारतीच्या पुढच्या बाजूला, ही जागा मागच्या, त्यामुळे ऑडिटलाही अडचण नव्हती.

एकदम एवढ्या लांब नेलं तर आईबाप गोंधळतात, म्हणून दोन टप्पे करायचे ठरलं. रविवारी सकाळी घरटं जसंच्या तसं एका उथळ लाकडी पेटीत सरकवून छज्ज्यावर ठेवलं आणि वर ओली गोणी बांधून सावली केली. मादी लगेच आली. लगेच आत खिडकीची मोडकी पट्टी बदलून बारीक जाळी ठोकली. दार बंद झालं. म्हणजे आता मागे फिरायची सोय आमच्याकडेही राहिली नाही.

सोमवारी पेटी टाकीखाली नेली. सोमवार निवडला, कारण बायका कामावर असतात आणि पेटी सगळ्यांसमोरच हलवायची अशी मावशीची सक्त ताकीद होती.

दिवसा नर बसतो, रात्री मादी, अशी कबुतरांची ड्युटी असते. सकाळी साडेदहाला नर आला आणि थेट रिकाम्या छज्ज्यावर उतरला. इकडे फिरला, तिकडे फिरला. खिडकीच्या नव्या जाळीवर चोच मारली. मग उडून समोरच्या पत्र्यावर जाऊन बसला आणि तिथून हलेना. अकरा वाजले, बारा वाजले. पिल्लं टाकीखाली चिवचिवत होती, पण आवाज जेमतेम. वंदना तीनदा येऊन गेली. माझ्या तोंडाकडे बघायची आणि परत आत जायची. मी आतून पार घाबरलो होतो. हरभरे कुठे मिळतील याचा विचारही करून ठेवला.

एकला जेवणाची सुट्टी झाली. चाळीस बायका डबे घेऊन मागच्या दाराशी येऊन बसल्या. एरवी त्या जेवतात तेव्हा बाजार भरतो. त्या दिवशी कोणाच्या डब्याचं झाकण वाजलं तरी सगळ्या तिच्याकडे बघून डोळे वटारत होत्या. सुट्टी संपली. वंदनाने घड्याळाकडे पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली.

दोन वाजायला आले तसा समोरचा पत्रा तापला. नर एक पाय उचलायला लागला, मग दुसरा. शेवटी उडाला, छज्ज्यावर आला, तिथेही चटका बसला, आणि चरफडत सरळ टाकीखालच्या सावलीत शिरला. तिथे त्याची पोरं त्याचीच वाट बघत होती. पिल्लांनी त्याच्या चोचीत चोच घातली आणि तो त्यांना भरवायला लागला.

"आ गया मालिक," सलीमभाई हळूच म्हणाले.

कोणी ओरडलं नाही, पक्षी बुजेल म्हणून. चाळीस बायका तोंडावर पदर, ओढण्या धरून हसत होत्या. मावशीने लांबूनच हात जोडले, कबुतराला की देवीला ते मी विचारलं नाही. मला इतका आनंद झाला की मी सलीमभाईंना मिठी मारली. त्यांच्या खिशातली पक्कड मला बरगडीत लागली ते आठवडाभर दुखत होतं.

गुरुवारी ऑडिटर बाई आल्या. कडक. डोक्यावर हेल्मेट, हातात टॉर्च. रॅक पाहिले, बीम पाहिले, माळ्यावर स्वतः चढल्या. माळा सलीमभाईंनी तीनदा धुतला होता. काही सापडलं नाही. मग त्या मागच्या दाराने बाहेर गेल्या आणि टाकीखाली थांबल्या.

"ये क्या है?"

वंदनाने सगळं खरं सांगितलं. पाटीपासून. अगरबत्तीच्या काड्यांसकट. पेटी दोन टप्प्यांत कशी हलवली याच्या रजिस्टरमधल्या नोंदी दाखवल्या, बंद केलेली खिडकी दाखवली. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग शिडीवर दोन पायऱ्या चढून पेटीत डोकावल्या आणि काड्यांचा वास घेतला. एव्हाना पिल्लांना पिसं फुटली होती.

"चंदन है," बाई खाली उतरताना म्हणाल्या. "मेरी माँ भी यही वाली लगाती है."

रिपोर्टमध्ये त्यांनी लिहिलं, आत पक्ष्यांचा वावर नाही. शेरा: घरटं इमारतीबाहेर, नोंद समाधानकारक. वंदनाने तो कागद पॅकिंगच्या बायकांना मोठ्याने वाचून दाखवला आणि 'समाधानकारक' हा शब्द दोनदा वाचला. मावशीने तिला सगळ्यांसमोर जवळ घेतलं.

या धंद्यात इतकी वर्षं काढून मी एवढं शिकलो. कबुतरं जागा कशी निवडतात, हे मी लोकांना ऐटीत सांगत असतो, पण बहुतेक वेळा माणसांनी आधी ती जागा मांडून ठेवलेली असते. म्हणून हल्ली मी लिफ्ट मागवण्याआधी तिथल्या सगळ्यांत जुन्या बाईबरोबर चहा पितो.

महिन्याभराने जाळ्या तपासायला गेलो. पिल्लं उडून गेली होती आणि त्याच पेटीत नवी दोन अंडी होती. आत गेलो तर ती पाटी अजून भिंतीवर होती. फ्लोअरवर काहीही नको. त्याखाली वंदनाने मार्करने एक ओळ वाढवली होती.

वर ठेवण्याआधी विचारा.